चौकातली किल्ली

माझाच चेहरा माझ्याकडे बघून हसत होता, आणि तो माझ्याहून सहापट मोठा होता.

डिसेंबरातला रविवार, सकाळचे पावणेनऊ. कुरुंदवाडच्या चौकात दोन बांबूंमध्ये ताणून बांधलेल्या फ्लेक्सखाली मी सायकल धरून उभा होतो आणि कोणी आपल्याला ओळखू नये अशी मनोमन प्रार्थना करीत होतो. त्या फलकाखाली उभे राहून अशी प्रार्थना करणे हास्यास्पद होते, हे आज कळते. वर लाल अक्षरांत लिहिले होते : 'कुरुंदवाडचे सुपुत्र श्रेणिक चौगुले यांचे हार्दिक अभिनंदन!' डावीकडे कॉलेजच्या ओळखपत्रावरचा माझा दचकलेला फोटो. त्याच्या ओठांना कुणीतरी संगणकावर किंचित वर ओढून हसवले होते. मागच्या काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या अक्षरांच्या ओळीच ओळी होत्या. तो माझा प्रोग्रॅम होता.

"कसं वाटतंय लगा? बोल की!" तौफिक मुजावर शिडीवरून उतरत म्हणाला. तो माझा शाळासोबती. चौकातले फ्लेक्सचे दुकान त्याचे.

"माझे ओठ असे नाहीत," मी म्हणालो.

"न्हाईत म्हणून तर केले! अभिनंदनाच्या बोर्डावर रडका माणूस लावू व्हय?" तो दोन पावले मागे सरकून स्वतःच्या कामाकडे मान तिरपी करून बघू लागला. "पण मेहनत तिथं न्हाई भावा, मेहनत मागं हाय. तू पाठवलास तो स्क्रीनचा फोटो मोठा केला की फुटत होता. नुसते ठिपके. म्हटलं, दोस्ताच्या बोर्डाला असलं चालायचं न्हाई. बसलो आन एकेक अक्षर परत टाईप केलं. तीनदा ताडून बघितलं. एक टिंब इकडचं तिकडं न्हाई!"

मी वाचू लागलो. पहिली ओळ होती : 'आईसाठी'. प्रोग्रॅममध्ये यंत्र वाचीत नाही अशा ओळी लिहिता येतात, फक्त माणसासाठी. ती ओळ मी एका संध्याकाळी लिहिली होती, आणि कोणी माणूसही ती वाचणार नाही या भरवशावर लिहिली होती. तौफिकने 'काहीतरी कंप्युटरचं पाठव' म्हटले तेव्हा हेच पान मी का निवडले, हे मला तेव्हा सांगता आले नसते. ते पान मला सुंदर वाटत होते, एवढेच.

मग माझी नजर चौथ्या ओळीवर गेली, आणि हातातली सायकल आडवी झाली.

"काय झालं रं?"

"तौफिक, हा फोटो अजून कुठे टाकलास?"

"कुठं म्हंजे? स्टेटसला हाय. गावाच्या तिन्ही ग्रुपवर हाय. शिरोळच्या पत्रकारालाही धाडलाय. का?"

चौथ्या ओळीत, वीतभर उंचीच्या अक्षरांत, किल्ली होती.

किल्ली कसली, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आमच्या गावात 'पद्मा फोटो स्टुडिओ' होता. भूपाल उपाध्ये, म्हणजे सगळ्यांचे भूपालअण्णा, यांनी तो चाळीस वर्षे चालवला आणि नाव बायकोचे दिले. गावातले प्रत्येक बारसे, लग्न, शाळेचा प्रत्येक वर्ग त्यांच्या कपाटांत निगेटिव्हच्या रूपाने निजलेला होता. अठ्ठावीस हजारांहून अधिक. कॉलेजच्या दिवसांत तीन वर्षे, प्रत्येक सुट्टीत, मी त्या एकेक करून स्कॅन केल्या. माणसांत मला बोलता येत नसे. त्या काळ्या तोंडांच्या आणि पांढऱ्या केसांच्या उलट्या माणसांत मात्र मी सुखी होतो. काम संपले त्याच पावसाळ्यात महापूर आला. दुकान दोन दिवस पाटीपर्यंत पाण्यात होते. कपाटांतून नंतर निघाल्या त्या कोऱ्या, पारदर्शक पट्ट्या. माझी हार्ड डिस्कही त्याच चिखलात होती. उरली ती फक्त क्लाउडवर ठेवलेली प्रत. दुसरी प्रत काढायची, हे मी रोज ठरवीत होतो.

त्या क्लाउडवरच्या कोठाराची किल्ली म्हणजे चाळीस अक्षरांचे एक टोकन. ते ज्याच्या हाती असेल त्याला गावाचे सगळे चेहरे पाहता आले असते, उचलून नेता आले असते, आणि वाटल्यास कायमचे पुसताही आले असते. घाईच्या दिवसांत मी त्याला सगळे अधिकार दिले होते आणि ते थेट प्रोग्रॅमच्या मजकुरात चिकटवून टाकले होते. नंतर काढू, असे म्हणून. एकदा नव्हे, अकरा ठिकाणी.

आणि त्या दिवशी अकरा वाजता स्टुडिओसमोरच्या मांडवात, माझा हाच प्रोग्रॅम चालवणाऱ्या नव्या यंत्राचे उद्घाटन होते. जुन्या पावतीवरचा क्रमांक त्यात घातला की फोटो पडद्यावर दिसणार आणि छापून मिळणार. पुरानंतर पहिल्यांदाच.

"फ्लेक्स उतरव," मी म्हणालो.

"येडा हायस का? आत्ता चढवलाय!"

मी त्याला सांगितले. तौफिकचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मग तो शिडीवर चढला. वरूनच म्हणाला, "तीनदा ताडला रं मी..."

"चूक तुझी नाही."

"पण उतरवून तरी काय? फोटो तर गेला की. ती किल्लीच मोडता येत न्हाई?"

येत होती. दोन मिनिटांचे काम होते. पण किल्ली मोडली की यंत्राला कोठार उघडता येणार नव्हते. नवी किल्ली घडवून, अकरा ठिकाणची जुनी उपटून, सगळे पुन्हा तपासायचे म्हणजे तीन तास तरी हवेत. अकराच्या कार्यक्रमाला पडदा काळा राहणार होता.

"मग एवढं उरकू दे," तौफिक म्हणाला. "उद्घाटन झालं की मोड. दोनतीन तासांनी काय होतंय? रविवारचं कोण बघतंय!"

खोटे का सांगू? सायकल उचलून स्टुडिओकडे जाताना मीही तेच म्हणत होतो. दोनतीन तासांनी काय होते?

अण्णा दुकानाच्या पायरीवर बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षे वय, इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्या दिवसासाठी मुद्दाम काढलेली काळी टोपी. आत पद्माक्का बासुंदीच्या वाट्या मोजून मांडत होत्या.

"ये ये, सुपुत्र!" अण्णा म्हणाले. "चौकात लई मोठा झालायस म्हणं."

"अण्णा, मी फार मोठी चूक केली."

मी उभ्याउभ्याच सांगितले. जमिनीकडे बघून, नेहमीसारखे. त्यांनी मधे अडवले नाही. सांगून झाल्यावर ते एवढेच म्हणाले, "म्हंजे कपाटाला बाहेरनं किल्ली लावून ठेवलीस, आन वर बोर्डही लावलास."

"हो."

"आणि कुलूप बदलता येतंय."

"येतं. पण मग अकरा वाजता काहीच दिसणार नाही. सगळं गाव येणार, देसाईबाई फीत कापणार. आणि तुम्ही इतके दिवस वाट बघताय..."

"तुला ती नावांची गोष्ट आठवती? तू पहिल्यांदा आलास तवा मी एक अट घातली होती."

आठवत होती. 'फोटो यंत्रात घाल. नावं घालायची न्हाईत.' निगेटिव्हवर फक्त क्रमांक असत. कोणता क्रमांक कोणाचा, हे एका वहीत, आणि ती वही अक्कांच्या ताब्यात, घरी. दुकानात कधीच नाही. मला तो म्हाताऱ्या माणसांचा हट्ट वाटला होता. चिडलोही होतो, नावे असती तर शोधणे किती सोपे झाले असते!

"लग्नाच्या पोरींचे फोटो असायचे इथं," अण्णा म्हणाले. "साऱ्या पंचक्रोशीतल्या पोरी. दाखवायचा फोटो काढायला बाप घेऊन यायचा. आन दुसऱ्या दिवशी कोणतरी यायचं, चहा पाजायचं, 'अमक्याची पोरगी कशी हाय, जरा दाखवा की अण्णा.' मी म्हणायचो, वही माझ्याकडं न्हाई."

"खोटं न्हवतंच ते," आतून अक्कांचा आवाज आला.

"एकानं तर कपाटच फोडलं. भर दुपारी, मी जेवायला गेलेलो. आलो तर गडी जमिनीवर बसलाय, भोवती हजारभर निगेटिव्ह, एकेक उजेडाला धरून बघतोय, आन सगळ्या पोरींची तोंडं काळीच!" अण्णा हसू लागले. त्यांचे हसणे गुडघ्यांपासून सुरू होत असे. "मला म्हणतो, 'अण्णा, ह्यातली कुठली हो?' मी म्हटलं, बस, तुझाच एक काढतो!"

मीही हसलो असेन. मला आठवते ते एवढेच, की हसता हसता माझ्या आत काहीतरी जागेवर बसले. ज्याला मी हट्ट समजत होतो त्यावर एका गावाने चाळीस वर्षे आपल्या लेकी सोपवल्या होत्या. माझ्या भरवशाचे आयुष्य तीन वर्षांचे होते, आणि ते चौकात टांगलेले होते.

"मोडतो किल्ली," मी म्हणालो.

"मग उभा का?"

"पण गाव येईल, अण्णा."

"गाव बसंल की! चाळीस वर्षं 'हलू नका' म्हणून बसवलंय त्याला. अजून तीन तास बसवतो."

नऊ वाजून वीस मिनिटांनी मी किल्ली रद्द केली. पडद्यावर आधी अण्णांच्या दुकानाचे चित्र होते. ते विरले आणि तिथे माझ्याच हाताने कधीतरी लिहिलेले वाक्य उमटले : 'फोटो उपलब्ध नाही.' मग मी कोठारातली नोंदवही उघडली. कोण आले, कधी आले, काय उघडले, हे तिथे आपोआप लिहिले जाते. आमच्या यंत्राशिवाय कोणी आलेले नव्हते. अठ्ठावीस हजार चारशे सहा. एकही चेहरा कमी नव्हता. मी पुन्हा पाहिले, आणि तिथेच, त्या मुक्या पडद्यासमोर, टेबलावर डोके टेकून हसलो. सगळ्यात आधी अख्ख्या कोठाराची दुसरी प्रत माझ्या नव्या डिस्कवर उतरवायला लावली, आणि मगच प्रोग्रॅम उघडला.

अकरापर्यंत मांडव भरला. निवृत्त मुख्याध्यापिका देसाईबाई पहिल्या खुर्चीवर, हातात कात्री. तौफिक गुंडाळलेला फ्लेक्स काखेत धरून खांबाशी उभा. अण्णांनी माईक माझ्या हातात दिला. माईक मी त्याआधी कधीही धरलेला नव्हता.

"माझ्याकडून," मी म्हणालो, "एक चूक..."

"श्रेणिक, मोठ्याने!" देसाईबाई म्हणाल्या. सातवीत म्हणत तशाच.

सगळे हसले, आणि त्या हशाच्या आडोशाने मी बोलून गेलो. किल्ली कोणती, ती कुठे लावली, कशी सगळ्यांच्या मोबाइलवर गेली, आणि ती आता मोडली आहे हे सांगितले. "फोटो सगळे आहेत. पण ते तुम्हांला आज उशिरा दिसतील. दीड-दोन वाजेपर्यंत. ज्यांना थांबता येणार नाही त्यांची मी माफी मागतो."

मग मागून एक बाई म्हणाली, "म्हंजे आता माझ्या मोबाइलातल्या त्या अक्षरांनी काय उघडतंय?"

"काहीच नाही."

"मग राहू दे तसाच. फोटो झ्याक आलाय तुझा. हसतोयस तरी."

आणि अण्णांनी माईक ओढून घेतला. "हलू नका!" ते कडाडले, आणि दोनशे माणसे खरोखरच मान ताठ करून, हात मांडीवर ठेवून थिजली. चाळीस वर्षांची सवय. पुढच्या क्षणी मांडवभर जे हसू फुटले, ते संगणकाकडे परतणाऱ्या माझ्या पाठोपाठ आत आले.

मी जुने टोकन एकेका जागेवरून काढत होतो, आणि बाहेर पडद्याविना प्रदर्शन चालू होते. अण्णांना सगळे तोंडपाठ होते. "तू? तू पाटलाचा. पहिल्या वाढदिवसाला तासभर रडलास. शेवटी माझ्या टोपीवर खराटा नाचवला तवा हसलास. त्या फोटोत तुझ्या डोळ्यांत खराटा दिसंल बघ!" "बाई, तुमचं सांगू? शाळेच्या फोटोत सगळी पोरं तुमच्याकडं बघत्यात, कॅमेऱ्याकडं कोणीच न्हाई. भ्यायचीत ना!" देसाईबाईंचा खळाळता आवाज मी आयुष्यात प्रथमच ऐकला. बासुंदीच्या वाट्या फिरत होत्या. कोणी उठून गेले नाही.

एक वाजून गेला तेव्हा प्रोग्रॅमात किल्ली उरली नव्हती. उरली होती फक्त विचारणा : किल्ली कुठून मागायची, एवढेच त्याला ठाऊक. स्वतः किल्ली यंत्राच्या एका वेगळ्या कप्प्यात. प्रोग्रॅमचे पान कोणालाही दाखवले, छापले, चौकात टांगले, तरी सोबत न जाणारी. आणि नव्या किल्लीने फोटो नुसते पाहता येत होते. पुसता येत नव्हते.

अक्का वाटी घेऊन आत आल्या. "खा. मग? नवीन किल्ली कुठं ठेवलीस?"

मी उत्तरासाठी तोंड उघडले, आणि त्यांनी तळहात वर केला. "मला सांगायचं न्हाई! आता शिकलास म्हणावं तर लगेच निघालास सांगायला."

मी ओशाळून बासुंदी खाऊ लागलो. त्या गेल्या नाहीत. स्टूल ओढून शेजारी बसल्या.

"सकाळी बस्तीत दर्शन घेऊन येताना, तौफिक बोर्ड बांधत होता तवा चौकात वाचलं मी," त्या म्हणाल्या. "पहिली ओळ."

मी चमचा वाटीत ठेवला.

"उलटंच हाय बघ तुझं सगळं. पोटात ठेवायचं ते चौकात, आन सांगायचं ते पोटात." त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "तीन वर्षं आमच्याकडं बसलास. एकेक उजेडाला धरून कोणाला शोधतोयस, ते मला दिसत न्हवतं व्हय? एकदा तरी विचारायचंस, लेका."

"तुम्ही कोणाला सांगत नाही ना, अक्का. तो नियम..."

"दुसऱ्याचं सांगत न्हाई. ज्याचं त्याला सांगतोय की. विचारलं तर!"

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. घरी तिचा एकच फोटो, लग्नाआधीचा, हार घातलेला; त्यात ती कोणाच्या तरी धाकात असल्यासारखी सरळ बघते. तिचे हसणे कसे होते हे मला आठवत नसे, आणि ते कोणाला विचारावे हेही कळत नसे. बाबांना विचारले असते तर त्यांनी काय करायचे?

"अक्का," मी म्हणालो, आणि माईकवर बोलण्यापेक्षा हे कितीतरी कठीण गेले, "माझ्या आईचा आणखी एखादा फोटो आहे?"

त्यांनी वही मागवली नाही. वाकून माझ्या कानात एक क्रमांक सांगितला, हळू, मंत्र द्यावा तसा.

मी तो यंत्रात घातला. नव्या किल्लीने उघडलेला तो पहिला फोटो.

दोन वेण्या, खुर्चीच्या पाठीवर हात, वय अठराच्या आसपास. चेहरा थोडा पुसट, कारण ऐन क्षणी ती हलली होती. ती हसत होती. डोळे मिटून, मान एका बाजूला टाकून, सगळ्या अंगाने हसत होती.

हा मी पाहिलेला होता. माझ्याच हातांनी स्कॅन केला होता आणि माझ्या यादीत त्याच्यापुढे 'खराब' असे लिहून पुढच्याकडे वळलो होतो.

"तुझ्या आजोबांनी आणलं होतं तिला, दाखवायचा फोटो काढायला," अक्का म्हणाल्या. "ह्यांनी म्हटलं 'हलू नका', आन टोपीच पडली ह्यांची, फोटो धुवायच्या पाण्याच्या ताटात. ती जी हसत सुटली! मग आजोबा ओरडले. दुसरा काढला तो तुमच्या भिंतीवर हाय. हा ह्यांनी फेकला न्हाई. म्हणाले, हलला असला तरी खरा हाच."

बाहेर अण्णांचा आवाज आला, "काय सुपुत्र, लागतंय का न्हाई?"

मी पडदा बाहेरच्यांकडे वळवण्यापूर्वी तो फोटो बंद केला. अक्कांनी मान हलवली. मग मी ओरडलो, खरोखर ओरडलो, "लागलं!" आणि तौफिकने गुंडाळलेला फ्लेक्स हवेत फेकला, देसाईबाईंनी फीत कापली, आणि सगळ्यांत आधी तो पाटलाचा मुलगा हातात विटलेली पावती घेऊन खराटा बघायला आत धावला.

त्याला आता सात वर्षे झाली. तो फ्लेक्स तौफिकच्या परसात जळणावर पांघरलेला आहे. ताणून हसवलेले माझे ओठ पावसापासून लाकडे राखतात, आणि चाळीस अक्षरांची ती मोडकी किल्ली शेजारची कोंबडी रोज वाचते. मी मोठ्या कंपनीत आहे; हाताखालची नवी माणसे घाईत टोकन प्रोग्रॅममध्ये चिकटवतात, तेव्हा मी रागावत नाही. त्यांना कपाट फोडून निगेटिव्ह उजेडाला धरून बसलेल्या त्या माणसाची गोष्ट सांगतो. प्रोग्रॅमची पहिली ओळ तीच आहे. ती मी कोणालाही दाखवतो.

हललेला फोटो छापून मी त्याच संध्याकाळी बाबांना दिला. त्यांनी तो दिव्याखाली धरला आणि ते म्हणाले, "अशीच हसायची." तेवढे ऐकायला मला चौदा वर्षे लागली होती.

कानात सांगितलेला तो क्रमांक मला अजून पाठ आहे. इथे मात्र तो लिहीत नाही.